गोठ्यात नेलेली आमची गाय

नाताळ जवळ आला होता. शेजारीण आमची गाय मागायला कुंपणापाशी आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वयनी, तुमची गाय आनी वासरू एका सांजेक जाय आसलां."

चर्चच्या आवारात दरवर्षी मातीच्या मूर्तींचा, येशूजन्माचा गोठा मांडत. त्या वर्षी पाद्रींनी जिवंत गोठा करायचं ठरवलं होतं. माणसं खरी, जनावरं खरी, बाळही खरं. शेजारीण मरिया होणार होती आणि गव्हाणीत तिचंच चार महिन्यांचं बाळ निजणार होतं.

बायको लगेच हो म्हणाली. मला ते पटलं नाही. गाय पहिल्या वेताची, बायकोशिवाय कोणाला जवळ येऊ न देणारी. त्यात दिवस भाषेच्या वादाचे. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून पेडण्याच्या बाजारात ओळखीची माणसं एकमेकांच्या दुकानाची पायरी चढेनाशी झाली होती. मी मराठीच्या सभांना जायचो, शेजारणीचा नवरा आणि दीर कोकणीच्या मोर्चांना. कुंपणावर दोघी बायका बोलत ती बोली मात्र एकच होती. अशा वर्षी बाळाला काही झालं असतं, तर ते गाईनं केलं असं कोणी म्हटलं नसतं.

"तुमका भंय कोणाचो, गायीचो की माणसांचो?" बायकोनं विचारलं.

"दोघांचाही," मी म्हणालो.

गव्हाणीत घालायचा पेंढाही आमच्याच उडवीतला. गाय तो ओळखून त्यात तोंड घालणार, ही माझी मुख्य काळजी. म्हणून त्या दिवशी दुपारीच चर्चपाशी जाऊन मी हातानं मोजलं. खुंट्यापासून गव्हाण सहा हात. दावं तीन हात, गाईची मान दीड हात. दीड हात जागा मोकळी राहत होती. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. गवंडीकाम करणारा एक बाप्या माडाच्या झावळ्या बांधता बांधता म्हणाला, "दादा, गायीक चर्च विकूक काढलां काय?"

दिवेलागणीला गाय-वासरू घेऊन आम्ही दोघं गेलो. बायकोनं गाय खुंट्याला बांधली, मी वासरू पलीकडच्या टोकाला. संध्याकाळी वासरू गाईपासून लांब बांधायचं, नाहीतर सकाळचं दूध तेच पिऊन टाकतं. गुरं असलेल्या घरात याचा विचार करावा लागत नाही, हात आपोआप ते करतात. दोघांच्या मध्ये गव्हाण आली, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

लोक बांबूच्या कठड्याबाहेरून रांगेनं बघत पुढे सरकत होते. सभांना भेटणारा हळर्णचा एक ओळखीचा माणूस माझ्याजवळ थांबला.

"काय हो, गाय त्या बाजूला गेली वाटतं?"

"गाय चाऱ्याच्या बाजूची," मी म्हणालो. तो हसत पुढे गेला. माझी नजर दाव्यावर होती.

मग गाणाऱ्यांनी सूर लावला, व्हायोलिन वाजलं आणि वासरू बिचकून हंबरलं. गाईनं मान वळवली. तिची कास भरलेली होती. वासरू पुन्हा हंबरलं तशी ती सरळ त्याच्याकडे निघाली, म्हणजे गव्हाणीकडे. दावं ताणलं. हिशेबाप्रमाणे ती दीड हात अलीकडे अडकली आणि मला क्षणभर हायसं वाटलं. तेवढ्यात खुंटा हलताना दिसला. जागा भरावाच्या मातीची होती. दावं मोजताना खुंटा किती खोल गेला आहे, ते मी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक हिसक्याला तो कलत होता.

शेजारणीला हात जोडून निश्चल बसायला सांगितलेलं होतं. ती हलली नाही, फक्त तिचे डोळे गाईच्या शिंगांकडे गेले. रांगेतल्या लोकांना तो खेळाचाच भाग वाटत होता.

मी गाईला धरायला गेलो असतो तर ती आणखी बुजली असती. मी बायकोकडे पाहिलं, पण ती कठड्याखालून वाकून आत गेली होती. गाईकडे ती गेलीच नाही. तिनं वासराचं दावं सोडलं आणि त्याला गव्हाणीच्या मागून वळवून गाईच्या कासेला लावलं. गाय जागच्या जागी थांबली, वासराला चाटू लागली. बायको कलता खुंटा पायानं दाबून उभी राहिली. पाय काढला असता तर तो उपटला असता. म्हणून दिवे मालवेपर्यंत ती तिथेच, मेंढपाळ झालेल्यांच्या ओळीत, पदर खोचून उभी होती.

मी बाहेर. कठड्याचा बांबू धरून.

घरी परतताना शेजारीण बाळ छातीशी धरून आमच्या बरोबरच चालत होती. मरियेच्या सोंगाची निळी ओढणी अजून डोक्यावर होती. तिचा नवरा मागे राहून सामान आवरत होता.

"दादा, ती बाळापर्यंत पावली आसती?" तिनं हळू विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण मापाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.

"पोचली असती," मी म्हणालो.

तिनं चालता चालता बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "आमच्या घरात सांगू नकात."

"नाय सांगणा," बायको म्हणाली.

मी मान हलवली. वासरू पोट भरून सुस्तावलं होतं, पाय उचलायला तयार नव्हतं. घर येईपर्यंत मी ते मागून ढकलत राहिलो.