खंडेनवमीचा नमस्कार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, तुळजापूरला देवीपुढे उभा राहूनही नाही.

बेंगळुरूच्या एका कारखान्यात आम्ही उपग्रहांची इलेक्ट्रॉनिक कार्डं जोडायचो. शेजारच्या टेबलावर सुमन. ती लोहाऱ्याची, मी धाराशिवचा. परमुलखात तेवढ्यावरून मी तिचा भाऊ झालो. तिच्यासारखं बारीक सोल्डर कुणाला जमत नसे.

तिथला पहिला नियम — अंगातली वीज जमिनीत उतरवणारा पट्टा मनगटाला असल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. कपडा घासला तरी अंगात वीज साठते. तिचा एक चटका, आणि चिप दुखावते. मेली तर बरं, चाचणीत कळतं. पण अर्धमेली राहिली तर? सगळ्या चाचण्या पार करते आणि वर जाऊन मरते. तिथं कोण जाणार दुरुस्तीला?

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे हत्यारांना हात लावून तो कपाळाला लावतात. सकाळीच सुमन म्हणाली होती, "भाऊ, उपग्रहाला शेंदूर फासू नका म्हंजे झालं!"

ती जेवायला गेली. तिनं नुकतंच संपवलेलं कार्ड समोर होतं. हातमोजा घालून कसला नमस्कार? मोजा काढला. पट्ट्याची वायर कपाळापर्यंत पुरेना — पट्टाही काढला. बोट टेकवलं, आणि चटका बसला. बारीकसाच. पण मला कळला.

तेव्हाच बोललो असतो तर? एक कार्ड नव्यानं करावं लागलं असतं. बस्स. मी पट्टा पुन्हा बांधला.

उपग्रह वर गेल्यावर काही महिन्यांत ते कार्ड बसवलेली पेटी मुकी झाली. चौकशीत ठरलं — उन्हाथंडीच्या फेऱ्यांत सोल्डर सुटलं असावं. सोल्डर कुणाचं? सुमनचं. मी त्याच खोलीत बसलो होतो. तिला परत कधी सोल्डरिंगला बसवलं नाही. निवृत्त होईपर्यंत ती स्टोअरमध्ये खोकी लावत राहिली.

नोकरीची भीती होती का? थोडी. त्याहून जास्त, लोक हसतील याची लाज.

गेल्या महिन्यात धाराशिवच्या एसटी स्टँडवर ती भेटली. चहा घेताना मध्येच म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. ते सोल्डर कच्चंच होतं का वो माझं?"

मी कपात बघत म्हणालो, "असंल, सुमन. होतं कधीकधी."

तिनं मान हलवली. लोहाऱ्याची गाडी लागली, ती गेली.

कच्चं नव्हतं. सुमनचं सोल्डर पक्कं होतं. चटका माझ्या बोटाचा होता — आणि स्टँडवरचं खोटंही माझंच.