न विकलेलं तिकीट

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी सगळी नोकरी नागपुरातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत गेली. भुताखेतांची पुस्तकं तिथे मीच लावायचो, आणि ती कादंबऱ्यांच्या कपाटात लावायचो. या पानावरचे लोकांचे अनुभव मी अनेक महिने नुसते वाचतो आहे. वाचताना बहुतेक ठिकाणी मनात म्हणतो, याचं काहीतरी साधं कारण असेल. माझ्याही अनुभवाचं असेल. मला ते सापडलेलं नाही, इतकंच.

मागच्या आठवड्यात पुतण्याच्या मुलीने एका गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट मोबाइलवर विकलं. मैत्रिणीला जमणार नव्हतं म्हणून. "आजोबा, टाकलं आणि लगेच गेलं!" म्हणाली. मी विचारलं, कुणी घेतलं? तिला माहीत नव्हतं. "त्याने काय फरक पडतो?" म्हणाली. फरक पडतो की नाही ते मला सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसलो. हळूहळू लिहितो, सांभाळून घ्या.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझी बायको कुसुम उमरेडची. तिचे वडील मागावर लुगडी विणायचे. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण नाटकाचं वेड असं की रेडिओवर नाटक लागलं की महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत भांडं वाजवायची कोणाची हिंमत नसे. काकूसुद्धा – म्हणजे माझी चुलती, जिने मला वाढवलं आणि जी आमच्याजवळच राहायची – तेवढा वेळ जपमाळ घेऊन गप्प बसायची.

एकदा असंच एक तीन अंकी नाटक लागलं होतं. एका मास्तरांची मुलगी, घर सोडून जायला निघालेली. ट्रंक भरून उंबऱ्यापर्यंत येते... आणि तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच आमच्या गल्लीतली वीज गेली. आली तेव्हा रेडिओवर शेतीच्या बातम्या चालू होत्या.

"आता ते पोरगी गेली का नाही गेली?" कुसुमने मलाच विचारलं, जणू वीज मी घालवली.

मी दुसऱ्याच दिवशी लायब्ररीतून त्या नाटकाचं पुस्तक काढलं आणि वाचलं. घरी आणलं तर तिने हात लावला नाही. "वाचून नाही. पाहून," म्हणाली. "अन् तुमी वाचलं असन तं तोंड बंद ठेवा. मले एक अक्षर सांगू नका."

पुढे काही वर्षं हे आमच्या घरातलं एक खेळणंच झालं. भाजीत मीठ कमी पडलं की मी म्हणायचो, "सांगू का शेवट?" आणि ती कानावर हात ठेवायची. तिचं मत होतं की मुलगी जात नाही. कधी म्हणायची, जाते, पण ट्रंक ठेवून जाते. मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो.

मग त्या नाटकाची मुंबईची मंडळी नागपूरला येणार अशी जाहिरात आली. बर्डीजवळच्या नाट्यगृहात, रविवारी दुपारचा प्रयोग. कुसुम स्वतः जाऊन रांगेत उभी राहिली आणि दोन तिकिटं घेऊन आली. एक भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या खुर्चीचं, एक तिच्या शेजारचं. "भिंतीजवळची तुमची," म्हणाली. "तुमी पेंगता. डोकं टेकवाले बरं."

प्रयोगाच्या आधीच तिला कावीळ झाली. आधी घरगुती औषध, मग दवाखाना. दवाखान्यात एका दुपारी ती खूप थकलेली दिसली. मी तिच्याजवळ वाकून म्हटलं, "कुसुम, शेवट सांगू का?"

तिने डोळे उघडले. रागावली होती. "तिकीट काढलं हाय नं? मंग सांगता काहून?"

ती गेली त्याला प्रयोगाच्या दिवशी महिनाही झाला नव्हता.

तिकिटं देवाच्या फोटोमागे ठेवलेली होती. रविवारी सकाळी काकूने ती माझ्यासमोर आणून ठेवली. "वर्ष हाय घरात. नाटक-सिनेमा, सणवार, काही नाही. हे विकून ये. तिनं उभं राहून आणलेल्या खुर्च्या रिकाम्या नको राहाले. कोनीतरी बसलं पाहिजे."

मला काकूचं पटलं. म्हणजे वर्षाचं नव्हे, खुर्च्यांचं. मुंडन केलेल्या डोक्याला मफलर गुंडाळला आणि गेलो. थंडीचे दिवस होते, कुणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

तिकीट विकणं सोपं नाही. त्यासाठी ओरडावं लागतं. मी आयुष्यभर लोकांना "शांतता राखा" सांगितलेला माणूस. फाटकाजवळ दोन्ही तिकिटं छातीशी धरून मी नुसता उभा होतो. बंदोबस्ताचा हवालदार दोनदा माझ्यासमोरून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"काय मास्तर, ब्लॅक करून राहिले का?"

"नाही हो. यायचं होतं, जमत नाही."

"ब्लॅकवाले बी असंच सांगतेत." मग माझ्याकडे नीट पाहून तो हसला. "पण तुमचं नाही जमाचं. तुमी तं तिकीट लपवून ठेवून राहिले. वर धरा नं गा, वर!"

मी हात वर केला. तेवढ्यात एक मुलगी धावत आली. नर्सिंगच्या होस्टेलवर राहणारी, भिवापूरची – हे तिनेच न विचारता सांगितलं. खिडकीवर 'हाउसफुल्ल'ची पाटी पाहून रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, दोन आहेत. "मी एकटीच आहे, काका. मेली मैत्रीण ऐनवेळी झोपून राहिली." छापलेली किंमत देऊन तिने एक तिकीट घेतलं. गडबडीत मी शेजारच्या खुर्चीचं, म्हणजे कुसुमचं तिकीट तिला दिलं. ते आधी हातातून जावं अशी माझी इच्छा नव्हती, पण परत मागायचं धैर्य झालं नाही. कोण येणार होतं, का आलं नाही, हे मी तिला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

भिंतीजवळच्या खुर्चीचं तिकीट माझ्याकडे राहिलं. एकट्या तिकिटाला गिऱ्हाईक मिळालं नाही. तिसरी घंटा झाली, फाटक रिकामं झालं. मी घरी जायला हवं होतं. पण आतून पडदा उघडल्याचा आवाज आला आणि माझे पाय निघेनात. समोरच्या टपरीवर चहा घेतला, आणि नाट्यगृहाच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. पहिला अंक संपला, दुसरा सुरू झाला. टाळ्या ऐकून मला कळायचं नाटक कुठवर आलं ते.

दुसरा अंक संपल्यावर लोक बाहेर आले. गर्दीतून ती मुलगी मला शोधत आली.

"काका, तुम्ही इथंच आहे का! मावशी बरोबर बोलल्या. म्हणाल्या, ते गेले नसतील, बाजूच्या पायऱ्यांवर बसले असतील."

"कोण मावशी?"

"तुमच्या घरच्या. माझ्या शेजारी बसल्या आहेत नं, भिंतीकडं." ती हसत होती. "आमच्याच बाजूच्या आहेत नं त्या? उमरेडच्या? बोलण्यावरून ओळखलं मी. लय गमतीच्या आहेत! त्या हिरॉइनची साडी पाहून मले म्हणते, 'काठ छापील हाय वं, मागावरचा नाही. मुंबईवाल्यायले कोन सांगन!' मी तोंडात रुमाल कोंबला हसू दाबाले."

माझ्या खिशात तिकीट होतं. मी खिशावर हात ठेवला. ते होतंच.

"कधी आल्या त्या?" मी विचारलं.

"अंधार झाल्यावर. मी पाय आखडून घेतले, तेव्हा आत सरकल्या. मी म्हटलं, काकांना बोलवू का आत? तं म्हणाल्या, 'नको. ते येनार नाहीत. घरात वर्ष हाय, त्यायले नाटक चालत नाही.'" मुलीचा चेहरा जरा गंभीर झाला. "कोणाचं वर्ष आहे, काका?"

मी मफलर कानांवर ओढून घेतला. तिला वाटलं असावं की आपण भलतंच विचारलं. ती म्हणाली, "येते मी. मावशी तिथंच बसल्या आहेत. चहाले चला म्हटलं तं म्हणे, उठलं की जागा जाते."

पहिली घंटा झाली.

यानंतरचं मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. काकूचं बोलणं मला आठवलं नाही. वर्ष, सुतक, काही आठवलं नाही. मी पळत दाराशी गेलो आणि खिशातलं तिकीट डोअरकीपरपुढे केलं. त्याने ते फाडून अर्धं माझ्या हातात दिलं. "एवढ्या उशिरा, काका? दोन अंक झाले नं! आता काय समजन तुमाले?"

दुसरी घंटा. लोक मला ढकलून आत जात होते. मी दारातल्या पडद्याजवळ उभा होतो. आमची रांग लांब पुढे, भिंतीच्या टोकाला. मधे माणसं उभी, शाली सावरत, एकमेकांना हाका मारत. त्यांच्यामधून मला ती मुलगी दिसली. ती भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलत होती. पलीकडचं मला दिसेना. एक लठ्ठ गृहस्थ मधे उभे होते, ते बसतच नव्हते. ते बसले आणि तिसरी घंटा झाली, दिवे गेले.

मंचावरचा उजेड आला तेव्हा फक्त डोकी दिसत होती. सगळी सारखी. त्या रांगेत मला कुठे खंड दिसला नाही. पण तेवढ्या अंतरावरून, तेवढ्या उजेडात, मी शपथेवर काही सांगणार नाही.

डोअरकीपरने बॅटरी काढली. "चला, जागा दाखवतो."

मी एक पाऊल टाकलं. दुसरंही टाकलं असेल. त्याने बॅटरी लावली आणि उजेडाचा गोल खुर्च्यांच्या कडेकडेने पुढे सरकवायला लागला. एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर. आणि मला अचानक समजलं की तो तिथे पोहोचेल. तिथे पोहोचला की त्याच्यामागोमाग मला जावं लागेल, ती मुलगी पाय आखडून घेईल, आणि मला बसावं लागेल. हाउसफुल्ल होतं. दुसरी जागा नव्हती. आणि तिसरा अंक सुरू झाला होता.

"थांबा," मी म्हटलं. "नको. बंद करा."

"काहून? तिकीट हाय नं तुमच्याजवळ."

"ती खुर्ची भरलेली आहे."

"अशी कशी भरलेली? दुसरं कोनी बसलं असन तं उठवतो मी त्याले."

"नका उठवू." माझा आवाज मोठा झाला असावा, कारण मागच्या रांगेतून दोघांनी "शू" केलं. "बसू द्या."

त्याने बॅटरी बंद केली, माझ्याकडे बघितलं आणि मला बाहेर जाऊ दिलं. तो तिसरा अंक मी बंद दाराला पाठ लावून ऐकला. शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण मला ते पाठ होते. ट्रंकेचा आवाज मात्र स्पष्ट आला. मुलगी पुन्हा उंबऱ्यापाशी येते. मग एक मोठी शांतता. त्या शांततेत शेकडो माणसं काय बघत होती ते मला माहीत होतं, आणि तिला आत्ता कळत होतं.

खेळ सुटल्यावर मी ती मुलगी बाहेर येईपर्यंत थांबलो. ती एकटीच आली. डोळे पुसत होती.

"मावशी आल्या का इकडून?"

मी मान हलवली. नाही.

"अशा कशा गेल्या?" ती वळून दाराकडे पाहत राहिली. "पडदा पडला तेव्हा माझा हात घट्ट धरला होता त्यांनी. दिवे लागले तं नाहीत. जायले रस्ता तं माझ्यासमोरूनच होता, काका. मी उठलीच नव्हती."

"काही बोलल्या का? शेवटी?"

"नाही. नुसत्या हुंदके देऊन राहिल्या होत्या. पण..." ती शब्द शोधत होती. "दुःखाचे नव्हते ते. मी दवाखान्यात रोज रडणारी माणसं पाहते. हे तसं नव्हतं."

घरी आलो तर काकूने विचारलं, "गेली का दोन्ही?"

"गेली," मी म्हटलं.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला म्हणून झालेलं आहे. अंधार झाला की मागची माणसं पुढच्या रिकाम्या खुर्चीत सरकतात, हा नागपूरचा जुना रिवाज. अशीच एखादी बाई सरकली असेल. उमरेडच्या बाया नागपुरात काही कमी नाहीत, आणि मागावरच्या घरातली कुठलीही बाई छापील काठ ओळखेल. मला बाजूच्या पायऱ्यांवर तिने येता-जाता पाहिलं असेल. मफलरखालचं डोकंही कुणाच्या लक्षात आलं असेल. यातलं एकेक मी मान्य करतो. सगळं मिळून मात्र मला जुळवता येत नाही. त्या मुलीची पुन्हा गाठ पडली नाही. नर्सिंगच्या होस्टेलपर्यंत मी एकदा गेलो होतो, फाटकावरून परत आलो. काय विचारणार होतो?

काही लोकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं – तुम्ही बघितलं का नाही? बॅटरीचा उजेड पुढे जाऊ द्यायचा होता, एक क्षण. मी रागावत नाही. इतकी वर्षं झाली, मीही स्वतःला तेच विचारतो, आणि सर्वांत जास्त मला तेच हवं होतं. तिला तिसरा अंक बघायचा होता. मला तिला बघायचं होतं. जागा एकच होती.