मोत्या सुटला आणि मी पुलावर बसले

मंडळी, आज संध्याकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि आमचं पिल्लू, मोत्या, पायांमधून नाल्याकडं पळालं.

सकाळपासून मी त्याच्यामागं थकलेच होते. त्यानं चपला कुरतडल्या, वाळत घातलेली साडी मातीत लोळवली. तरी राहवेना. ऐंशीच्या दशकात आम्ही नोकरीनिमित्त सिरोंच्याला होतो, तेव्हा असंच एक पिल्लू दिवेलागणीला बिबट्यानं अंगणातून उचललं होतं. हल्ली इथंही बिबट्या फिरतोय.

हाका मारत नाल्यापर्यंत गेले. गुडघे पुढं चालेनात, तशी तिथल्या पुलावर बसले. अंधारून आलं. मग झुडपातून मोत्या आला, चिखलानं माखलेला, आणि मांडीवर डोकं ठेवून पडला. रागवायचंही त्राण नव्हतं.

मागून आमचे हे आले. "काऊन बसली इथी? सापडला ना तो?"

"सापडला. आता मले उठवा."

त्यांचेही गुडघे तसेच. एकमेकांना धरून कसेबसे घरी पोचलो.

आमच्या वयात पिल्लू पाळावं का, तुम्हीच सांगा. पण "देऊन टाका" म्हणू नका. आत्ता तो माझ्या पायावर झोपलाय, आणि मला पाय हलवावासा वाटत नाहीये.