बेलसरे सर, बबनराव आणि साहेबांचा कप

श्री. अनंतराव बेलसरे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असा संपादकांचा निरोप आला. मी आधी सरांनाच फोन केला. सर म्हणाले, "लिहा. पण माणूस गेल्यावर लिहितात तसं लिहू नका. मला वाचायचंय."

सरांची आणि माझी पहिली भेट पंधरा वर्षांपूर्वी पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात झाली. मी वर्ध्याहून पुण्याला येऊन चित्रपटाचा अभ्यासक्रम नुकताच संपवला होता. सरांनी विचारले, "सध्या काय करता?" मी म्हटले, "सर, मी काम शोधून राहिली आहे." सरांनी चष्मा काढून पुसला. "शोधलंत ते कळलं. पण राहिलात कुठं?" मी म्हटले, "कोथरूडला, पाच मुलींसोबत." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "उद्यापासून या. इथं राहूनही शोधता येईल."

ज्यांना सर केवळ 'धरण उघडणारा माणूस' या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून माहीत आहेत, त्यांना हे सांगायला हवे की त्याआधी वीस-बावीस वर्षे सरांनी उसावर माहितीपट केले. उसाची लागवड, उसाचे पाणी, उसाचे रोग. माझे पहिले काम खोडकिड्यावरचे होते. पुण्याजवळ मांजरी गावातल्या एका शेतात सकाळी सातपासून कॅमेरा एका अळीवर रोखलेला होता. अळीने उसाच्या कोंबात शिरावे, एवढीच अपेक्षा होती आणि अळीला काही घाई नव्हती. अकराच्या सुमारास कॅमेरामन म्हणाले, "सर, काडीनं जरा ढकलू का?" सर म्हणाले, "तिला जायचं असेल तेव्हा ती जाईल. शेतकऱ्याला ढकललेली अळी दाखवायची नाही." अळी साडेतीन वाजता आत गेली. त्या वेळी कॅमेरामन डबा खात होते, त्यामुळे ते दृश्य सरांनी स्वतः टिपले आणि ते धूसर आले. सरांनी ते तसेच ठेवले. म्हणाले, "धूसर आहे, पण खरं आहे."

सरांच्या मायेचा अनुभव आमच्या घरालाही आला. मुलगी 'सिनेमा लाइनीत' गेली म्हणून माझे बाबा काळजीने वर्ध्याहून तपासणीला आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पोहे मागवले आणि खोडकिड्यावरचा पूर्ण माहितीपट दाखवला. बाबांना मध्येच झोप लागली. सरांनी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि आवाज बारीक केला. जागे झाल्यावर बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथं काही भेव नाही तुले." ते त्याच रात्रीच्या गाडीने वर्ध्याला परत गेले.

आता त्या चित्रपटाविषयी. त्याची हकिगत पडद्यावर दिसते त्याहून मोठी आहे आणि ती सांगायची परवानगी मी दोन्ही बाजूंकडून घेतली आहे.

एका दुपारी सरांनी आम्हा चौघांना बसवून पटकथा वाचून दाखवली. ती त्यांच्याच लहानपणाची होती. मांजरीला सहावीत दोन जिवलग मित्र होते, मास्तरांचा अनंता आणि बबन. बबनचे वडील खडकवासल्याला धरणावर नोकरीला होते आणि रविवारपुरते घरी येत. बबन सांगायचा, "आमचे वडील धरणाचे दरवाजे उघडतात. म्हणून आपल्या कालव्याला पाणी येतं." कालव्याला पाणी सुटले की अनंता काठावर उभा राहून बबनच्या वडिलांना सलाम करायचा. एका सुट्टीच्या दिवशी दोघे एका सायकलवर बसून, कालव्याच्या कडेकडेने, हे दरवाजे पाहायला निघाले. दुपारी पोचले. धरणावरच्या कचेरीच्या खिडकीतून पाहतात तो बबनचे वडील खाकी कपड्यांत चहाचा ट्रे घेऊन उभे आणि साहेब त्यांना चहा गार झाल्याबद्दल बोलत होते. अनंताने सायकल फिरवली आणि बबनला तिथेच सोडून तो पळाला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने सगळे सांगून टाकले. वर्गाने बबनचे नाव 'किटली' ठेवले. बबन अनंताशी पुन्हा बोलला नाही आणि उन्हाळ्यात त्याच्या घरच्यांनी मांजरी सोडली. पटकथा तिथेच संपत होती. कालव्याच्या काठाने एकटा मुलगा सायकल मारत जातो, एवढेच शेवटी दिसत होते.

सरांनी शेवटचे पान इतक्या हळू वाचले की आम्हाला अर्धे ऐकू आले नाही. मी विचारले, "सर, बबन आता कुठे असतात?" सर म्हणाले, "चहा घेणार का कोणी?" मी संध्याकाळी पुन्हा विचारले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा विचारल्यावर सर वैतागून म्हणाले, "तुम्ही फार चौकशी करून राहिल्यात." तोवर माझी भाषा त्यांना लागली होती. मी म्हटले, "सर, ही गोष्ट त्यांचीही आहे. न विचारता कशी करायची?"

 त्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सरांची चिठ्ठी होती. बबन खैरे, मिक्सर व मोटार दुरुस्ती, बिबवेवाडी. पत्ता सरांकडे कित्येक वर्षे होता. ते दोनदा दुकानापर्यंत गेलेही होते आणि दोन्ही वेळा समोरच्या गाडीवरून कोथिंबीर घेऊन घरी आले होते.

आम्ही रिक्षाने गेलो. दुकान दिसताच सर म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा, मी आलोच." आणि ते रिक्षातच बसून राहिले. दुकानात एक जाडजूड गृहस्थ उघडलेल्या मिक्सरपुढे बसले होते. मी नमस्कार केला, कोणाकडून आले ते सांगितले आणि पटकथा पुढे ठेवली. बबनरावांनी पहिले पान वाचले, माझ्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले.

"चार दिवसांनी या," ते म्हणाले. "मिक्सरलाही चार दिवसच लागतात."

मी वळले तसे त्यांनी हाक मारली. "त्या रिक्षात बसलेल्या माणसाला म्हणावं, उन्हात थांबू नको. लहानपणी घोळणा फुटायचा त्याचा."

मी हा निरोप जसाच्या तसा दिला. सरांनी नकळत नाकाला हात लावला आणि रिक्षा परत वळवायला सांगितली.

चार दिवसांनी सर स्वतः दुकानात आले. बबनरावांनी दोन स्टुले मांडली होती आणि पटकथेवर लाल पेनाच्या खुणा केल्या होत्या. चाळीस वर्षांनी भेटलेल्या मित्रांनी काय बोलावे याची मी बरीच कल्पना केली होती. बबनराव म्हणाले, "पान बारा. सायकल तुझ्या मामाची नव्हती. माझ्या चुलत्याची होती."

"मामाची होती," सर म्हणाले.

"चेन तुटली म्हणून मार कोणी खाल्ला?"

सरांनी खिशातून पेन काढून 'मामा' खोडले आणि 'चुलते' केले.

"पान चाळीस. तू शाळेत सांगितलंस. हे बरोबर लिहिलंयस."

सर म्हणाले, "बबन, माझं चुकलं."

"चुकलंच. वर्षभर तुला बडवायच्या बेतात होतो मी. मग इकडं राहायला आलो. इथली पोरं तुझ्यापेक्षा वाईट निघाली, त्यात तुझा नंबर मागं पडला." त्यांनी शेवटचे पान काढले. "पण शेवट चुकलाय."

"शेवट तर माझ्यासमोर झाला."

"तू पळालास. तू कुठं पाहिलास?"

मग त्यांनी सांगितले. वडिलांनी खिडकीत मुलगा पाहिला आणि त्याला आत बोलावले. साहेबांना म्हणाले, "साहेब, हा माझा मुलगा. मांजरीहून सायकलवर आलाय." गार चहावरून बोलणारे साहेब उठले, त्यांनी बबनला समोरच्या खुर्चीत बसवले आणि म्हणाले, "याला चहा दे, माझ्या कपात दे." वडिलांनी मुलाला साहेबांच्या कपबशीतून चहा दिला. नंतर साहेबांना विचारून ते त्याला वर दरवाज्यांपाशी घेऊन गेले. तिथल्या माणसाने बबनला दरवाजे उघडायच्या चाकाला हात लावू दिला. वडिलांनीही लावला.

"म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो," बबनराव म्हणाले. "थोडं आधी बोललो होतो." मग म्हणाले, "संध्याकाळी वडिलांबरोबर एसटीनं आलो. सकाळी तुला हे सांगायला पळत शाळेत आलो, तर वर्ग किटली किटली म्हणून ओरडायला लागलेला."

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच धरून बसले. मी कपाटातले मिक्सर मोजू लागले. शेवटी बबनरावच म्हणाले, "अंत्या, तोंड असं करून बसू नको. गिऱ्हाईक यायची वेळ झालीय."

शेवट बदलला. वडिलांच्या भूमिकेसाठी नट शोधायला लागलो तेव्हा बबनरावांनी निरोप पाठवला की वडील आपण स्वतः करणार, इतरांना तो ट्रे धरता येणार नाही. धरणावर चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून एका जुन्या इमारतीत कचेरी उभी केली. बबनरावांची एकच अट होती. चहा खरा आणि दर वेळी ताजा हवा. त्यांचे संवाद पाठ होते, पण ट्रे हातात आला की ते संवाद विसरायचे आणि चहा सांडला नाही ना, ते पाहायचे. नऊ वेळा दृश्य घेतले. छोट्या बबनचे काम करणारा मुलगा नऊ कप चहा प्यायला आणि संध्याकाळपर्यंत एका जागी बसेना. नवव्या वेळी बबनराव सगळे संवाद सोडून मुलाकडे वाकले आणि म्हणाले, "साखर बरोबर हाय का?" मुलगा म्हणाला, "हो." सरांनी 'कट' म्हणायचे होते. ते म्हणालेच नाहीत. कॅमेरा चालू राहिला, मुलगा चहा संपवेपर्यंत. चित्रपटात ते सगळे तसेच आहे.

चित्रपट एका आठवड्यात उतरला. एका परीक्षणात 'शेवट चहासारखा लांबला आहे' असे आले. बबनराव बिबवेवाडीच्या आपल्या गल्लीतली बारा माणसे घेऊन पाहायला आले होते. बाहेर आल्यावर सरांनी विचारले, "कसा वाटला?" बबनराव म्हणाले, "सायकल चांगली दिसते." मग त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो रिक्षा मिळेपर्यंत काढला नाही.

आज मी स्वतःचे चित्रपट करते. नवी पटकथा घेऊन सरांकडे गेले की ते कथेविषयी, पात्रांविषयी काहीच बोलत नाहीत. एवढेच विचारतात, "ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारलंत का?" दोन पटकथा या एका प्रश्नावर मी परत नेल्या. त्यातली एक पुढे चांगली झाली.

डॉक्टरांनी अलीकडे सरांना रोज चालायला सांगितले आहे. बबनराव सकाळी त्यांना घ्यायला येतात. परवा मला दोघे रस्त्यात भेटले. बबनराव चार पावले पुढे होते आणि तक्रार करत होते, "हा फार सावकाश चालतो. अर्ध्या तासाच्या रस्त्याला तास लावतो." सरांनी आपला बचाव केला नाही. ते एका कुंपणावरच्या सुरवंटाकडे पाहण्यात गुंतले होते.

सरांना साठीच्या उंबरठ्यावर आम्हा सर्वांचा नमस्कार. पाय ठणठणीत राहोत, सोबत बोलणारे माणूस असो, आणि त्यांचे चालणे यापुढेही असेच सावकाश राहो. त्यांनी कुठेही लवकर पोचू नये.