गुरम्मामावशींचं कूपन

मावशींच्या टँकरच्या कूपनबुकातली सातही कूपनं मी फाडली. शुद्धीवर होतो, समोर चहाचा कप होता, आणि मी शिकवत होतो.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. जिल्हा आला आणि पाऊस गेला. गल्लीत घरटी रोज एक कूपन, एका कूपनाला चार घागरी. शेजारच्या गुरम्मामावशी नवऱ्यामागं पंधरा वर्षं आडतीवरच्या वीस हमालांना भाकरी-वरण घालीत होत्या. पाणी नाही तर चूल नाही.

त्या बुक माझ्या हाती देत सहज म्हणाल्या, "गुरुजी, हे कूपन मंजी काय वो?"

मास्तराला असं विचारू नये. मी सुरू झालो. शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचललेला. मूळ 'कुपे', म्हणजे कापणे. कापून वेगळा केला तो तुकडा कूपन, टर्रर्र. आधी कर्जरोख्याचं व्याज घ्यायला कापायचे, टर्रर्र. मग प्रवासाच्या तिकिटाला, टर्रर्र. मग लढाईतल्या रेशनला, टर्रर्र. प्रत्येक अर्थाला एक फाडलं, उरलेली तीन उजळणीला. "म्हणजे मावशी, फाडल्याशिवाय हे कूपनच नव्हे!"

तेवढ्यात टँकर आला. वाटपावरच्या धोंडप्पानं चिटोऱ्या बघितल्या आणि तो दचकलाच.

"हे कुणी केलं? सुटं कूपन बाद! बुकातून आमच्याच हातानं फाडायचं. मागं छापलंय की!"

"अहो, पण फ्रेंचमध्ये..."

"फ्रेंचांची लाईन तिकडं लावा, गुरुजी."

मी हबकलो. मावशींकडं बघायची हिंमत होईना. त्या रिकाम्या घागरी उचलून बाजूला ठेवू लागल्या. अकरा वाजले होते. एक वाजता हमाल पानावर बसणार. कुपेच्याही मुळाशी 'कू' आहे, अर्थ तडाखा, हे कोशात वाचलं होतं. कळलं ते तिथं.

पळत घरी गेलो, माझं बुक आणलं आणि न फाडता, दोन्ही हातांनी मावशींना दिलं. त्यांनी ते धोंडप्पापुढं धरलं. त्यानं एक फाडलं, चार घागरी भरल्या. बुक परत द्यायचं मावशींच्या काही मनात दिसेना. त्यांनी ते कमरेला खोचलं.

चौथी घागर मीच त्यांच्या दारात उतरवली.

"मावशी, आता आठवडाभर मी काय करू?"

"जेवायला या, आंघोळीचं इचारू नगा."