होडीचं तेल लावलेली गाडी

आमच्या भावजींनी आखातातून आपोआप गिअर बदलणारी गाडी आणली, तेव्हा अख्ख्या मालवणात तशी दुसरी नव्हती. परत जाताना त्यांनी ती माझ्यावर सोपवली. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजू नये म्हणून मी अक्कल लढवली आणि होडीला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल गाडीच्या पोटाला चोपडलं. महिन्याभरात गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना, आणि भावजी यायला उरला होता एकच आठवडा.

मी गाडी कणकवलीच्या गॅरेजातल्या लुंगीवाल्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडे नेली. तो गाडीखाली सरपटत गेला, नाक लावून वास घेतला आणि खालूनच ओरडला, "होडयेचा तेल हिका कोणी लावल्यान रे?"

"मीच."

"बरा केलंस. आता वल्ही मार!"

तेलाने वायरीचं रबर खाल्लं होतं. वेग मोजून गिअरला कळवणारा सेन्सर तर तपासायचा मीटर लावला तरी मुकाच. म्हापशाच्या भंगारातून आणलेला दुसरा सेन्सर त्याने नव्या वायरीसकट बसवला आणि गाडी सुरळीत पळाली.

आठवड्याने भावजी आले, गाडीखाली वाकले आणि तो भंगारातला सेन्सर त्यांच्या नजरेला आलाच. मला घेऊन ते तडक मेस्त्रीकडे गेले. "काय झालं होतं हिला?"

मी भावजींच्या पाठीमागून मेस्त्रीला हात जोडले. मेस्त्रीने सावकाश लुंगी खोचली. "उंदरान वायर खाल्ली होती."

खोटं इतक्या मायेने बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. भावजी गाडीत बसताच तो माझ्या कानाशी वाकला.

"उंदराक घरात पोटभर जेवूक घालीत जा रे."