शनिवारचं तिकीट

चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढायचा, समोरच्याकडे काचेच्या वरून पाहायचं आणि म्हणायचं, "वाचले किती, ते घरी पोचल्यावर सांगा." गोंदियाजवळच्या गोरेगावात मी मास्तर होतो, त्या आमच्या शाळेत घंटेनंतर सर्वांत जास्त ऐकू येणारी गोष्ट म्हणजे मोठ्या बाईंचं हे वाक्य. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. कुणी नागपूरहून स्वस्तात पँटचं कापड आणलं, कुणी जुनी मोटारसायकल घेतली, कुणी बाजार उठता उठता वांगी उचलली, की बाईंचा चष्मा खाली यायचाच. वांगी घरी किडकी निघायची आणि दुसऱ्या दिवशी तो मास्तर बाईंची नजर चुकवत हजेरीवर सही करायचा.

तुमच्याही ऑफिसात, आळीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याच्या पाठीमागे हसतो, आणि खिशात हात घालायची वेळ आली की मुकाट्यानं त्यालाच विचारायला जातो.

बाई कोहळी समाजातल्या, तलावाकाठच्या एका लहानशा गावच्या. आपल्या पूर्वजांनी या भागात गावोगावी तलाव बांधले, हे त्या नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवत. "आमच्या लोकायनं पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही जी. मग मी पैसा काऊन जाऊ देऊ?" पण त्यांना कंजूष म्हणायची माझी हिंमत नाही. शाळेतल्या कितीतरी पोरींच्या चपला बाईंच्या पगारातून यायच्या, फक्त त्या चपला त्यांनी घासाघीस करून आणलेल्या असायच्या.

स्वस्त विमानांचं वारं आमच्याकडे शिरलं तेव्हा गणिताचे सर एकदा मधल्या सुट्टीत पेपर नाचवत आले. "बाई, एक रुपयात पुणं! नागपूरहून विमानानं!" बाईंनी चष्मा खाली ओढला. "विमान किती वाजताचं? पहाटंचं. म्हणजे आदल्या दिवशी निघा. इथून कोहमारा, कोहमाऱ्याहून नागपूर. रात्री राहाल कुठं? साळ्याकडं. साळ्याकडं रिकाम्या हातानं जाल का? पेढे घ्या. त्याच्या पोरायले खाऊ घ्या. सकाळी ऑटोवाला म्हणन तो भाव. विमानात पाणी विकत. तिकडं उतरलं का पुन्हा ऑटो. आता सांगा सर, एक रुपयात काय भेटलं?"

"खिडकी," सर बिचारे म्हणाले.

"तिचे वेगळे पैसे आहेत," बाई म्हणाल्या.

मग त्याच बाई विमानाच्या नादाला कशा लागल्या? पुण्याच्या ताईमुळे. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईनं चौथीतून शाळा सोडली आणि धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत धाकटीला बांधावर बसवायची, चिखलातून अधूनमधून येऊन तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा घालायची. पुढे ताई लग्न होऊन पुण्याला गेली, धाकटी डी.एड. करून मास्तरीण झाली. "मी शिकली ते तिच्या शाळेवर," बाई म्हणायच्या. वडीलही पुढे गेले, भाऊ कधी नव्हताच. तेव्हा ताईचं माहेर म्हणजे या एकट्या बाई, आणि बाईंचं माहेर म्हणजे ताई.

गोंदियाहून गाडीनं पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. जाऊन-येऊन रजाच संपायची. म्हणून बाई वर्षातून एकदाच जायच्या. भाच्यानं एकदा सेलमधलं विमानाचं तिकीट पाठवलं आणि बाईंचे डोळे उघडले. नीट पाहून, महिने महिने आधी तिकीट काढलं तर गाडीच्या वरच्या वर्गाच्या भाड्यात विमान बसतं, आणि रजा वाचते ती वेगळीच. "वाचलं का पुन्हा जाता येते," हा त्यांचा नवा हिशोब होता. एका भेटीच्या पैशात दोन भेटी. तुम्ही म्हणाल चिक्कूपणा. मला तर त्यांचा जीव त्या दुसऱ्या भेटीत दिसायचा.

आणि एकदा धरलं की बाई धरणारच. आठ-पंधरा दिवसांनी शाळा सुटली की त्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसत. मंगळवारी तिकीट स्वस्त, शुक्रवारी महाग. लग्नाच्या तिथीच्या मागेपुढे बघूच नका. हळूहळू आम्हीही त्यांच्यामागे जायला लागलो. कुणाची पोरगी बंगळुरात, कुणाचा जावई हैदराबादला. निघायच्या आधी सगळ्यांच्या बॅगा शाळेतल्या, पोरांचं वजन करायच्या काट्यावर चढायच्या. काटा जरा पुढे गेला की बाई बॅगेतून स्वेटर काढून मालकाच्या अंगावर चढवायच्या, मग बाहेर मे महिना असला तरी.

त्यांच्या स्वतःच्या पर्समधला अडकित्ता एकदा नागपूरच्या विमानतळावर पकडला गेला. शिपाई म्हणाला, "मैडम, ये अंदर नहीं जाएगा." बाई म्हणाल्या, "भैया, ये मेरे सास का है, तुम्हारे विमान से पुराना है." बरीच हुज्जत घातली, शेवटी अडकित्ता तिथेच राहिला. परत आल्यावर गणिताच्या सरांनी विचारलंच, "बाई, वाचले किती?" त्या दिवशी मोठ्या बाई आमच्याबरोबर पदर तोंडाला लावून हसल्या.

एका वर्षी दिवाळी होऊन शाळा नुकती उघडली होती. सोमवारी भाच्याचा फोन आला, ताईला दवाखान्यात ठेवलंय. घाबरण्यासारखं नाही, पण येऊन जा. गाड्या दिवाळीच्या परतीच्या गर्दीनं भरलेल्या. बाई दुकानात आल्या, आम्हीही होतो. मंगळवार-बुधवारच्या विमानाचा भाव पाहून आमचेच डोळे पांढरे झाले. मग आमच्यातलाच कुणीतरी ओरडला, "बाई, शनिवारचं पाहा! निम्म्याच्याही खाली!" आम्ही सगळे हरखलो, जसं काही शेतात गुप्तधन लागलं. बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "शनिवारच बरं. तोवर नवं धान भरडून येईल. ताईले नवा तांदूळ नेतो." ताईसाठी एक लुगडंही घेऊन ठेवलेलं होतंच. तिकीट निघालं.

ताई गुरुवारी गेली.

आमच्याकडे बाई मेली की तिला माहेरचं लुगडं नेसवतात. बाकी कुणी काही आणो, शेवटचं वस्त्र माहेरचं. ते लुगडं गोरेगावात बाईंच्या पिशवीत, तांदळाशेजारी घडी करून ठेवलेलं होतं. पुण्यात शेजारणींनी दुकानातून घाईघाईनं एक साडी आणली आणि माहेरची समजून नेसवली. शुक्रवारी सकाळी सगळं उरकलं. बाई शनिवारी त्याच तिकिटावर गेल्या.

हे आम्हाला तुकड्या-तुकड्यानं कळलं. परत आल्या तेव्हा बाई नेहमीसारख्या शाळेत आल्या, परिपाठ घेतला, खिचडीची चव पाहिली. आम्ही सांत्वनाचं काय बोलायचं ते बोललो. "धान भरडायचं होतं, म्हणून थांबली," त्या प्रत्येकाला सांगत. आम्ही माना हलवत होतो. तांदळासाठी थांबलं तर कुणी काही म्हणत नाही. बहिणीला माहेरचा नवा तांदूळ न्यायचा, यात वाईट ते काय?

पुढे पंधरवड्यानं असेल, एक नवी शिक्षिका मधल्या सुट्टीत सहज म्हणाली, "मॅडम, सेल लागला म्हणतात. माझ्या आईकडं जायचं तिकीट पाहून देता का?" बाईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर बोलायला लागल्या.

"मी खोटं सांगून राहिली तुमाले. तांदूळ कायचा आला? सेल होता म्हणून थांबली मी. जनरलच्या डब्यात उभी राहून गेली असती तरी पोचली असती. गुरुवारी रात्री पोऱ्याचा फोन आला, मावशी, तुझ्यासाठी थांबू का? मी म्हटलं, नका थांबू, मातीले ताटकळत ठेवू नये. तोंडानं असं बोलली. पण मनात काय आलं, सांगू? मनात आलं, आता तर घाई नाही, शुक्रवारचं महाग तिकीट काऊन काढायचं, शनिवारचं आहेच."

पोरांचा बाहेर गलका चालू होता.

"तिकडं दारात उभी राहिली तं पोऱ्या म्हणते, मावशी, तिकीट स्वस्तात मिळालं ना? त्याच्या मनात काही नव्हतं. दर वेळी मीच सांगत होती ना त्याले, पाय धुवायच्या आधी. त्याच्या बायकोनं लुगडं हातात घेतलं आन् विचारलं, हे कुणाला द्यायचं?"

एवढं बोलून बाई वर्गावर गेल्या. आम्ही खाली मान घालून डबे बंद केले. शनिवारचं पाहा म्हणून ओरडणारा कोण, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी एकमेकाकडे पाहत नव्हतं. तो मी नव्हतो, पण हरखलो तर मीही होतोच. शरम अशी वाटून घेता येत नाही. सगळी बाईंच्याच वाट्याला गेली.

त्यानंतर बाई बदलल्या. गावातून जाताना कॉम्प्युटरच्या दुकानाचा रस्ता टाळून त्या मागच्या गल्लीनं जाऊ लागल्या. कुणी स्वस्ताईची बढाई मारली तर चष्मा जिथल्या तिथे राहायचा. गणिताच्या सरांनी त्यांना खुलवायला मुद्दाम म्हणून किडकी वांगी आणून दाखवली, तर बाई नुसतं "असू द्या जी" म्हणाल्या. आम्हाला बाईंचं रागावणं हवं होतं, ते गेलं.

तिकिटासाठी कुणी फारच गळ घातली तर त्या एकच विचारायच्या, "कायले जाता?" फिरायला, लग्नाला, पोराच्या शाळेच्या चौकशीला, असं उत्तर आलं की म्हणायच्या, "मग थांबा. भाव उतरू द्या, पहाटंचं विमान घ्या, साळ्याकडं झोपा. सगळं वाचवा." आणि समोरच्यानं कुणी आजारी असल्याचं म्हटलं की तिथेच थांबवायच्या. "माणूस पाहाले जाता ना? मग मले विचारू नका. भाव पाहूच नका. निघा." बोलताना त्यांची नजर जमिनीवर असायची, जणू आपल्याला हे सांगायचा हक्क नाही.

पुढे माझ्यावरच पाळी आली. माझा थोरला भाऊ ठाण्याला कारखान्यात होता. वहिनीचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. छातीत दुखलं म्हणून नेलंय, डॉक्टर काही सांगत नाहीत. मी फोन ठेवला आणि खरं सांगतो, पहिला विचार आला तो रात्रीच्या गाडीचा, आणि दुसरा परवाच्या विमानाचा, परवाचं जरा स्वस्त असेल म्हणून. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पिशवी घेतली आणि कित्येक महिन्यांनी त्या बाजाराच्या रस्त्यानं, त्या दुकानात गेल्या. मी पोरांना कवायतीला लावून आलो, तोवर त्या परत. हातात छापील तिकीट, उद्या सकाळचं. मी भाव पाहायला कागद उलटा केला, तर त्यांनी तो काढून घेतला, घडी घातली आणि माझ्या खिशात कोंबला. "आता निघा जी. कोहमाऱ्याले बस भेटन."

मी वेळेत पोचलो. भाऊ शुद्धीवर होता, आणखी दोन दिवस होता. पोटभर बोललो आम्ही. लहानपणचं, बापाच्या माराचं, बैल विकला तेव्हाचं. मग तो गेला.

सगळं आटोपून आल्यावर मी बाईंच्या घरी गेलो. त्या तेव्हा निवृत्त व्हायला आल्या होत्या. पुढच्याच उन्हाळ्यात घर विकून मुलाकडे रायपूरला गेल्या आणि दोन पावसाळे झाले नाहीत तोच तिकडेच वारल्या. आम्हाला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. त्यामुळे बाई म्हटलं की मला अजून त्या संध्याकाळच्याच दिसतात. अंगणात धान वाळत घातलेलं होतं आणि बाई पायानं ते फिरवत होत्या. मला पाहून थांबल्या.

"भेटला?"

"भेटला, बाई."

"ओळखलं तुमाले?"

"ओळखलं."

"बोलला काही?"

मी सांगणार नव्हतो. तोंडाशी आलेलं गिळायला हवं होतं, पण बाईंशी खोटं बोलायची आम्हा कुणालाच सवय नव्हती.

"मला पाहून म्हणाला, एवढ्या लवकर कसा आला रे तू?"

बाईंनी मान हलवली. "बरं झालं जी," म्हणाल्या. मग माझ्याकडे पाठ केली आणि पुन्हा धान फिरवायला लागल्या, त्याच एका जागेवर, पुढे-मागे, पुढे-मागे. मी फाटक ओढून घेतलं, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.